पाना हाती घेण्याआधी

डोंबिवली (पूर्व)

चि. भाचेबुवांस,



ताईचा फोन आला होता. ‘तुझा लाडका भाचा गाडीचं इंजिन इथे कोपरीत, घरी गॅलरीतच खोलायचं म्हणतोय, त्याला जरा आवर,’ म्हणाली. मी आवरणार नाही. उलट खोल म्हणेन. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये उभा जन्म गेलेल्या मामाने भाच्याला पान्यापासून लांब राहा म्हणून सांगायचं, हे काही शोभत नाही. पण खोलण्याआधी काय करायचं आणि खोलल्यावर कुठे थांबायचं, हे फोनवर नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. गाडीशेजारी बसून वाच.

आधी मुद्द्याचं सांगतो. गॅरेजवाल्याने गाडी एकदा ऐकली आणि ‘हाफ इंजिन करावं लागेल’ म्हणाला, एवढ्यावर तू पिस्टन-रिंगांची चौकशी करायला निघालास. त्याचा अंदाज खरा असेलही. पण पिस्टन झिजला हे झालं नुकसान. तो कशाने झिजला, हे तुला अजून ठाऊक नाही. ते कळल्याशिवाय नवा पिस्टन टाकलास, तर तोही त्याच वाटेने जाईल. इंजिनाचं दुखणं आत दिसतं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा बाहेर असतं.

तुझी गाडी काय आहे, ते एकदा समजून घे. बालेवाडीला २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉसच्या शर्यती पाहून आलास आणि मग ही जुनी इंपल्स विकत घेतलीस. तिथे उड्या मारणाऱ्या गाड्या मुळात शर्यतीसाठीच बनतात. त्यांच्या इंजिनांचा हिशोब किलोमीटरवर चालत नाही, तासांवर चालतो. ठरावीक तास झाले की पिस्टन बदलायचा, तो चांगला दिसत असला तरी. तुझी इंपल्स हीरोने २०११ साली आणली, तीच हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं सुमारे १४९ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन घेऊन. हे इंजिन रस्त्यावर रोज कामाला नेण्यासाठी घडवलेलं. उंच फ्रेम आणि लांब सस्पेन्शनमुळे ते मातीत जाऊ शकतं, पण माती पचवत नाही. फायदा एवढाच की त्याचे बरेच भाग त्या दोन गाड्यांशी जुळतात, त्यामुळे इंपल्स बंद झाली तरी माल मिळतो. विकत घेताना मात्र पार्ट नंबर जुळवून घे. दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर घेऊ नकोस.

आता तपासणी. आठवडाभर एकही नट सोडायचा नाही, फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं.

पहिली शंका क्लचवर घे. मुरबाड रस्त्याच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असं तू सांगितलंस. हे घसरणाऱ्या क्लच प्लेटचंही लक्षण असू शकतं. प्लेटा जळाल्या म्हणून पिस्टन बदलणारे लोक मी पाहिलेत. मागचा ब्रेक घासतोय का, हेही बघ. मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवून कळतं. स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी कलती धरायला सांग.

दुसरी शंका टॅपेटवर. एक्झॉस्टचा टॅपेट आवळला गेला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही. मग कॉम्प्रेशन पडतं, गरम गाडी किकला दाद देत नाही, पिकअप जातं. थेट इंजिन गेल्याची लक्षणं! इलाज मात्र फीलर गेज आणि दोन पाने. गार इंजिनावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या फटीवर टॅपेट सेट कर आणि मगच पुढची परीक्षा घे. आधी कॉम्प्रेशन मोजलंस तर आकडा तुला फसवेल.

तिसरं, धूर. तुझं इंजिन पाण्यावर थंड होणारं नाही, तेव्हा कूलंट जळण्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते, ती विसर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तिथे कार्बोरेटर आणि एअर फिल्टर बघ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तो कधी निघतो ते टिपून ठेव. चढावर जोर लावताना निघत असेल, तर संशय रिंगांवर. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलास आणि खाली पुन्हा पिळल्यावर भपकन निघाला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेले असण्याची शक्यता जास्त.

मग कॉम्प्रेशन. प्लगच्या आट्यांशी जुळणारं गेज घे. इंजिन गरम कर, प्लग काढ, इग्निशन बंद ठेव, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धर आणि काटा थांबेपर्यंत किक मार. अ‍ॅक्सिलरेटर उघडा धरायला लोक विसरतात, आत हवाच जात नाही आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं. आकडा लिही. मग प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल आत सोड, चार किका मार आणि पुन्हा मोज. आकडा ठळकपणे वाढला, तर गळती रिंगांच्या बाजूने होतेय, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जेमतेम हलला, तर बहुधा व्हॉल्व्हच धरत नाहीत, क्वचित हेड गॅस्केट.

याहून खात्रीची परीक्षा हवी असेल, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आण, गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून धर आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोड. मग कान लाव. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. हेड न उघडता कुठलं दार उघडं आहे ते कळतं.

हे झालं दुखणं. आता त्याचं मूळ शोधायचं. एअर फिल्टर काढ आणि फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, नळीच्या आत बोट फिरव. बोट स्वच्छ निघालं पाहिजे. त्यावर तांबूस, पिठूळ थर आला, तर तुझा गुन्हेगार सापडला. फिल्टर चुकवून धूळ आत जातेय. धुळीत क्वार्ट्झसारखे कठीण कण असतात आणि ते सिलिंडरच्या लोखंडाला खरवडतात. ती धूळ ऑइलमध्ये मिसळली की पिस्टन वर-खाली होताना सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो. मग बारीक बघ. फिल्टर बॉक्सचं झाकण वाकलंय का, रबरी नळीला दुमडीत चीर गेलीय का, तिचा क्लॅम्प ढिला आहे का, फिल्टरची कड बॉक्सवर सगळीकडे बसते का. फिल्टर कागदी असेल तर धुऊन पुन्हा वापरायचा नाही, बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल चोळून बसवायचा. कोरडा फोम धूळ अडवत नाही. ही चीर किंवा ढिला क्लॅम्प दुरुस्त होईपर्यंत पिस्टनवर एक रुपया खर्च करू नकोस.

दुसरं मूळ ऑइल. या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल मावतं आणि तेच वंगण, तेच थंडावा, क्लचही त्यातच बुडालेला. पाव लिटर जळालं तरी मोठी तूट. कारचं ऑइल घालू नकोस, त्यातली काही द्रव्यं क्लच घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघून घे. आणि ओढा ओलांडून आल्यावर ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी गेलंय. ते त्याच दिवशी काढ. पाण्यात गाडी बंद पडली तर किक मारायची नाही, आधी प्लग काढायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो.

एवढं सगळं करून निदान रिंगा-सिलिंडरवरच आलं, तर खुशाल खोल. पण कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेट्रोल उघडं ठेवून काम केलंस तर सेक्रेटरी रागावेल, आणि बरोबरच करेल. टाकी काढून, रिकामी करून, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेव. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोड. भाग धुवायला डिझेल वापर, पेट्रोल बंद खोलीत डोक्यालाही चढतं आणि पेटतंही. निघालेलं काळं ऑइल गटारात ओतलंस, तर नाल्यातून थेट ठाण्याच्या खाडीत जाईल. खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०२२ पासून रामसर स्थळ आहे आणि कोपरी तिच्या अगदी काठावर. ऑइल डब्यात भरून गॅरेजला दे, ते जुनं ऑइल उचलणाऱ्याकडे जातं. आणि ताईच्या परातीला हात लावू नकोस, स्वतःची पत्र्याची घमेली आण.

खोलताना घाई नको. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा घे, त्यावर कव्हराचा आकार काढ आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोच. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर आतला भाग फोडतो, आखूड गेला तर आटे खातो. चौफुली स्क्रू हट्टाला पेटले तर इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी. साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं घासू नकोस. हेडचे नट एका दमात सोडायचे नाहीत, आडवे-तिरपे, थोडे थोडे. सिलिंडर वर उचलण्याआधी क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंब. गजन पिनची सर्क्लिप उडून आत पडली, तर हाफ इंजिनचं फुल इंजिन होतं.

आता माझ्या प्रांतात आलास. सिलिंडर नखाने तपासू नकोस, मोजून बघ. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. असे सहा आकडे. मूळ बोअर ५७.३ मिमीचा. वरचा आणि खालचा आकडा वेगळा आला तर सिलिंडर निमुळता झालाय, दोन दिशांचे वेगळे आले तर लंबगोल. व्हर्नियरने हे काम होत नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, तिथे बोअर गेज आणि मायक्रोमीटर लागतात. तुझ्याकडे नसतील तर माझ्याकडे ये, नाहीतर बोअरिंगवाल्याकडून मोजून घे. पिस्टन स्कर्टच्या खालच्या भागात, पिनला काटकोनात मोजायचा. रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने खाली सरळ ढकल आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोज. प्रत्येक मापाची मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे. माप आत असेल तर नुसत्या रिंगा पुरतील, बाहेर असेल तर बोअर.

बोअर करायचा झाला, तर आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घे, आणि तोच हातात घेऊन बोअरिंगवाल्याकडे जा. पुष्कळ जण आधी बोअर करून मग पिस्टन शोधतात आणि मिळेल तो बसवतात. पिस्टनचं प्रत्यक्ष माप घेऊन त्यावर फट ठेवून बोअर व्हायला हवा. होनिंगनंतर आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांत ऑइल धरलं जातं.

आणि आता एक गोष्ट, जी फार थोडे जण नीट करतात. होन केलेला सिलिंडर डिझेलने धुऊन भागत नाही. दगडाची पूड त्या रेघांत अडकून बसते. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश घे आणि घास. मग पांढरं सुती फडकं ऑइलात बुडवून आतून फिरव. फडक्यावर करडी रेघ उठेल. पुन्हा धू, पुन्हा फिरव. फडकं पांढरंच निघेल तेव्हा सिलिंडर स्वच्छ झाला. लगेच वाळवून ऑइल चोळ, रात्रीवर टाकू नकोस. खाडीकाठच्या दमट हवेत उघडं लोखंड सकाळपर्यंत तांबूस होतं.

हेडकडे दुर्लक्ष नको. प्लग लावून हेड उलटं ठेव, दोन्ही पोर्टांत आळीपाळीने डिझेल ओत आणि व्हॉल्व्हच्या कडेने झिरपतं का बघ. झिरपलं तर ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग कर, सीटवर सलग मॅट पट्टा उठेपर्यंत. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. सील बदल, ते स्वस्त असतात.

जुळवणीत चार गोष्टींवर लक्ष ठेव. रिंगांवरची अक्षरं वर, आणि त्यांची तोंडं एका रेषेत नकोत. पिस्टनवरची ‘इन’ ही खूण इनलेटकडे. सर्क्लिप प्रत्येक वेळी नवी, आणि तिचं तोंड खाचेसमोर येऊ द्यायचं नाही. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण आणि कॅम स्प्रॉकेटवरची खूण एकदम जुळली पाहिजे. टायमिंग लागलं असं वाटलं की किक मारू नकोस. पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरव. कुठेही अडलं तर थांब. ते अडणं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतोय, आणि हाताला ते कळतं तेव्हा काही मोडलेलं नसतं. हेडचे नट टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने. जुनं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही.

आता कुठे थांबायचं ते. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलव. आडवा थोडा सरकला तर चालेल, वर-खाली खेळ जाणवला तर बिग एंड गेला. जोर लावताना खोलवरून येणारी ठकठक, किंवा ऑइलच्या जाळीत चकाकणारे कण, हीही तीच बातमी. मग काम फुल इंजिनचं. केस फोडायचा, क्रँक प्रेसवर उघडायचा, नवी पिन घालून शतांश मिलिमीटरमध्ये सरळ करायचा, हे गॅलरीत होत नाही. ते क्रँकवाल्याला दे. जे साधन आपल्याकडे नाही, त्याचं काम दुसऱ्याला देण्यात कमीपणा नाही. आम्हीही टूलरूममध्ये हीट ट्रीटमेंट बाहेर पाठवायचो.

तुझे मित्र मोठा बोअर किट टाक म्हणतील. टाकू नकोस. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची आरसीतली मूळ माहिती बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, आणि सीसी त्यात आलीच. एमएच-०४ ची पाटी लावून रस्त्यावर फिरायचंय ना? शिवाय जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती घालवायची जागा तेवढीच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. कव्हर, लिव्हर, टाकी तिथून घे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, चेन नव्याच घे, बिल घेऊन.

गाडी सुरू झाली की उभ्या उभ्या तासभर चालू ठेवू नकोस. गरम झाली की बंद कर, पूर्ण गार होऊ दे, टॅपेट पुन्हा तपास. पहिले काही दिवस कमी-जास्त वेगाने चालव, एकाच वेगावर लांबवर नेऊ नकोस आणि पूर्ण पिळू नकोस. पहिलं ऑइल लवकर बदल, त्यात जुळवणीतली सगळी घाण उतरते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून ठेव. प्लगचा रंग अधूनमधून बघ. फिकट पांढरा दिसला तर मिश्रण पातळ होतंय, इंजिन तापेल.

आणि येऊरच्या जंगलात चाक घालायचं नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तुझ्या मातीच्या हौसेला शेतमालकाची परवानगी घेऊन चालवता येईल अशी मोकळी जागा मुरबाडकडे मिळेल.

पुढच्या रविवारी फोन कर. ‘गाडी बरी वाटतेय’ असं सांगू नकोस, त्यावरून मला काही कळत नाही. कोरडं कॉम्प्रेशन किती, ऑइल घालून किती, आणि फिल्टरपलीकडे फिरवलेल्या बोटावर काय आलं, एवढं सांग. त्यावरून ठरवू, खोलायचं की क्लॅम्प आवळून सोडून द्यायचं.

ताईला नमस्कार सांग. तिला सांग, आठवडाभर तरी गॅलरी तिचीच आहे.

तुझा,
मामा